छायाचित्राच्या पाठीवर

इन्ग्रिड बर्गमन ह्या स्वीडिश अभिनेत्रीची आणि आमच्या पिढीची पहिली भेट झाली ती धर्मभगिनीच्या वेषात. साठच्या दशकात वसईकडील आमच्या धर्मग्रामात शाळेच्या पटांगणावर पांढरा पडदा बांधून वर्षातून एक-दोन चित्रपट दाखविले जात. मुंबईहून १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर येई, त्याच्यासोबत पत्र्याच्या गोल डब्यांतून रिळे येत, आणि मध्येच रीळ तुटले की अंधारात मुलांचा एकच गलका होई. अशाच एका नाताळच्या सुटीत ‘द बेल्स ऑफ सेंट मेरीज’ हा चित्रपट आला. इंग्रजी संवाद आम्हांला समजण्यासारखे नव्हते. फादर मधूनमधून मराठीत कथा सांगत होते. परंतु सिस्टर बेनेडिक्ट एका बुजऱ्या मुलाला मुष्टियुद्धाचे धडे देते, त्या प्रसंगाला भाषांतराची गरज भासली नाही. पुढे ह्या सिस्टरला क्षयाची बाधा होते आणि खरे कारण न सांगताच तिची दूर बदली केली जाते, तेव्हा बायकांच्या रांगेतून हुंदके ऐकू आले. पडद्यावरची बाई नटी आहे, हे कित्येकींच्या ध्यानीमनीही नव्हते. माझ्या आजीने तर त्या रात्री घरच्या जपमाळेत त्या आजारी सिस्टरसाठी एक ‘नमो मरिया’ जादा म्हणायला लावली.

आमची माणसे भाबडी होती असे म्हणावे, तर अमेरिकेतील सुशिक्षित प्रेक्षकांनी तरी वेगळे काय केले? १९४५ च्या डिसेंबरात हा चित्रपट तिकडे प्रदर्शित झाला आणि त्याने तुफान गर्दी खेचली. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी आणि फादर ओमॅली झालेले गायक-नट बिंग क्रॉस्बी ह्यांना त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘गोइंग माय वे’साठी ऑस्कर मिळाले होते, आणि त्याच समारंभात ‘गॅसलाइट’साठी इन्ग्रिडलाही. ती त्या वेळी ह्या दोघांच्याच चित्रपटात काम करीत होती. आपण ऑस्करवाचून गेलो तर दोघे आपल्याशी बोलणार नाहीत, असे ती त्या रात्री थट्टेने म्हणाली. चित्रीकरणाची एक गंमत सांगतात. अखेरच्या निरोपाचा प्रसंग उत्तम वठल्यावर इन्ग्रिडने ‘आणखी एकदा घेऊ या’ असा आग्रह धरला, आणि कॅमेरा सुरू होताच क्रॉस्बीच्या गळ्यात हात टाकून त्याचे चुंबन घेतले. सल्लागार म्हणून तेथे बसलेले धर्मगुरू ताडकन उठून उभे राहिले म्हणे! सगळे हसू लागले, तेव्हा कुठे त्यांना खोडी उमगली. ह्या घटनेचा फोटो मात्र वृत्तपत्रांना कोणी दिला नाही. वृत्तपत्रांना गेले ते दुसरेच फोटो: पांढऱ्या पट्टीने वेढलेला तो निर्मळ चेहरा, किंचित वर उचललेली नजर, गळ्यात क्रूस.

त्यांपैकी एक प्रत माझ्याजवळ आहे. आमचे जावई कॅनडात असतात. जुन्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून विक्रीस निघालेले फोटो जमविण्याचा त्यांना छंद आहे, आणि माझ्या बालपणीची ही हकीकत ठाऊक असल्यामुळे त्यांनी ती मला भेट म्हणून आणली. ८ बाय १० इंचांचा, चकचकीत कागदावरचा, कोपरे दुमडलेला कृष्णधवल फोटो. समोरच्या बाजूने पाहिले तर भिंतीवर लावावा असा. मी मात्र त्याची पाठच अधिक वेळा पाहत आलो आहे.

अशा फोटोच्या पाठीवर काय काय असते, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चित्रपट कंपनीने टंकलिखित केलेली ओळखचिठ्ठी पाठीवर चिकटवलेली असे. फोटो छापला गेला की कचेरीतील कारकून छापील मथळ्याचे कात्रण तेथे डकवी आणि तारखेचा रबरी शिक्का मारी. किती स्तंभांत छापायचा, कोठून कापायचा, ह्याच्या खुणा मेणाच्या पेन्सिलीने केलेल्या असत. कागद हलका आणि छपाई भरड असल्यामुळे चेहरा उठून दिसावा म्हणून कलाकार पांढऱ्या-काळ्या रंगाचा ब्रश फिरवीत. भुवई गडद करीत, गर्दीतला नको असलेला माणूस करड्या रंगाखाली गाडून टाकीत. मग तो फोटो नावानिशी लिफाफ्यात घालून कपाटात जाई आणि पुन्हा बातमी निघाली की बाहेर येई. अमेरिकन वृत्तपत्रांत ह्या कपाटांच्या दालनाला ‘मॉर्ग’ म्हणत, म्हणजे शवागार. जिवंत माणसांची शवागारे! संगणकाचे युग आल्यावर ही दालने निरुपयोगी ठरली, आणि लक्षावधी फोटो संग्राहकांच्या हाती गेले.

माझ्याजवळच्या प्रतीच्या पाठीवर तीन शिक्के आहेत. पहिला डिसेंबर १९४५ चा. तो चित्रपटाच्या प्रदर्शनाचा, हे उघड आहे. तिसरा ऑगस्ट १९८२ चा, म्हणजे तिच्या निधनाचा. मधला शिक्का आहे फेब्रुवारी १९५० चा. त्या महिन्यात इन्ग्रिडचा कोणताही चित्रपट धर्मभगिनीविषयी नव्हता. तरी कुणा उपसंपादकाने हा साध्वीचा चेहराच कपाटातून का काढून घेतला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इन्ग्रिड १९३९ साली ‘इंटरमेझो’ह्या चित्रपटासाठी हॉलिवूडला आली, तेव्हा ती २३ वर्षांची होती, विवाहित होती, एका लहान मुलीची आई होती. निर्माते डेव्हिड सेल्झनिक ह्यांच्या मंडळींनी रिवाजाप्रमाणे यादी काढली: नाव जर्मन वाटते ते बदलावे, भुवया कोराव्यात, दात नीट करावेत. ह्यांतले काहीही करायचे असेल तर मी पुढच्या बोटीने घरी जाते, असे ह्या बाईने शांतपणे सांगितले. सेल्झनिक धूर्त होते. नकारातच जाहिरात दडली आहे हे त्यांनी ओळखले. रंगरंगोटी न केलेली, जशी आहे तशी नटी, अशी तिची द्वाही फिरविण्यात आली. त्या काळच्या इतर तारकांचे फोटो पाहावेत: गालावर कोरीव सावल्या, पापण्यांवर चकाकी, केसाला केस लागलेला. आणि इन्ग्रिडचे पाहावेत: धुतलेला चेहरा, जाड भुवया, वाऱ्याने विस्कटलेले केस. तिचे साधेपण खरेच होते, ह्यात शंका नाही. परंतु कंपनीच्या प्रसिद्धी खात्याने ते साधेपण निवडून, छापून, हजारो प्रतींनी गावोगाव पाठविले. प्रसंग चित्रित होऊन गेल्यावर नटांना पुन्हा त्याच जागी उभे करून ‘स्टिल’ फोटो काढीत. जाहिरातीसाठी जाणारे असे फोटो आधी चित्रपट-उद्योगाच्या नीतिसंहितेच्या कचेरीत संमतीसाठी जात. इतक्या हातांतून गेलेल्या वस्तूला लोक ‘नैसर्गिक’ म्हणत होते.

ह्या नैसर्गिक चेहऱ्यावर मग पावित्र्याचे थर चढत गेले. १९४५ साली सिस्टर बेनेडिक्ट, १९४६ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर संत जोन, १९४८ साली चित्रपटात पुन्हा तीच जोन, चिलखत घालून, डोळे आकाशाकडे लावून. खरे तर ह्याच वर्षांत तिने ‘नटोरियस’मध्ये अगदी निराळ्या, डागाळलेल्या बाईची भूमिका केली होती आणि ती तिच्या उत्तम कामांपैकी एक आहे. पण मनात घर करून राहिली ती धर्मभगिनी आणि ती कुमारिका. जन्माने ल्युथरन पंथातली ही बाई कॅथलिक घरांतून जणू आपलीच झाली.

येथे एक गोष्ट नोंदवून पुढे जातो, कारण तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. १९४६ च्या ऑक्टोबरात जोनच्या नाटकाचे पहिले प्रयोग वॉशिंग्टनला होते. त्या नाट्यगृहात कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही, हे तेथे पोहोचल्यावर तिला कळले. करार झालेला असल्यामुळे प्रयोग मोडता येईना. पण आधी ठाऊक असते तर मी ह्या गावात पाऊल ठेवले नसते, असे तिने पत्रकारांना तोंडावर सांगितले. संताची वस्त्रे उतरवून ठेवल्यावरचे हे बोलणे आहे. माझ्या मते तिच्या आयुष्यातला जोनच्या सर्वांत जवळ जाणारा क्षण हाच.

१९४८ साली तिने रोबेर्तो रोस्सेलिनी ह्या इटालियन दिग्दर्शकाला पत्र लिहिले. त्याचे युद्धावरचे चित्रपट पाहून ती भारावली होती आणि तिला त्याच्याबरोबर काम करायचे होते. १९४९ च्या मार्चमध्ये ती रोमला गेली. एप्रिलपासून सिसिलीजवळच्या स्ट्रॉम्बोली ह्या ज्वालामुखीच्या बेटावर चित्रीकरण सुरू झाले. त्याच सुमारास ‘लाइफ’ साप्ताहिकात एक फोटो झळकला. आमाल्फीच्या किनाऱ्यावर दगडी पायऱ्या चढताना दोघांनी एकमेकांचा हात धरला आहे. एवढेच. धरलेल्या ह्या एका हातावर अमेरिकेत रकानेच्या रकाने लिहून आले. चित्रपटांची नैतिक तपासणी करणाऱ्या कचेरीचे प्रमुख जोसेफ ब्रीन, जे स्वतः कॅथलिक होते, त्यांनी एप्रिलमध्येच तिला पत्र लिहून ह्या अफवांचे तातडीने खंडन करण्याची विनंती केली. खंडन करणे शक्य नव्हते, कारण अफवा खऱ्या होत्या.

स्ट्रॉम्बोलीवर काढलेला आणखी एक फोटो आहे, आणि मला तो ह्या साऱ्या ढिगातला सर्वश्रेष्ठ वाटतो. तो गॉर्डन पार्क्स ह्यांचा. ‘लाइफ’च्या नोकरीतले ते पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार. फोटोत पुढे इन्ग्रिड आहे, स्वतःच्या विचारात गढलेली; तिच्या पाठीमागे काही अंतरावर काळ्या वस्त्रांतील तीन बायका उभ्या आहेत आणि तिच्याकडे टक लावून पाहत आहेत. बेटावरच्या साध्या बायका. त्यांच्या चेहऱ्यांवर द्वेष आहे असे म्हणवत नाही, करुणा आहे असेही म्हणवत नाही. अशा बायका मी आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर मिस्सा सुटल्यावर अनेकदा पाहिल्या आहेत. गर्दीत कुणा एकीकडे पाहून त्या अशाच क्षणभर बोलायच्या थांबतात. पार्क्स ह्यांनी इन्ग्रिडचा फोटो काढला की तिच्याकडे पाहणाऱ्यांचा, हे सांगणे कठीण आहे.

२ फेब्रुवारी १९५० रोजी रोमच्या एका रुग्णालयात तिला मुलगा झाला. तिचा पहिला विवाह तोवर संपलेला नव्हता. ते साल पवित्र वर्षाचे होते. जगभरचे यात्रेकरू रोमला लोटत होते, आणि त्याच नगरात एका बाळंतिणीच्या खिडकीखाली छायाचित्रकारांचा वेढा पडला होता. त्या काळी फोटो रेडिओलहरींवरून महासागरापलीकडे पाठविता येत असत. फोटो धूसर उतरे, आडव्या रेघा पडत, तरी दुसऱ्या दिवशीच्या अंकात तो छापता येई. पण बाळाचा फोटो मिळाला नाही तर काय छापायचे? कपाटात सिस्टर बेनेडिक्ट होतीच. माझ्या प्रतीवरचा मधला शिक्का ह्या दिवसांतला आहे.

तेव्हा फोटोत कोणतीही खाडाखोड करण्याची आवश्यकताच राहिली नाही. १९४५ साली ज्या चेहऱ्याने लोकांना भक्तिभाव दिला, तोच चेहरा १९५० साली आरोपपत्र म्हणून पुरेसा ठरला. ‘पाहा, हीच ती!’ एवढेच शेजारच्या मथळ्याने सांगायचे. १४ मार्च १९५० रोजी कोलोराडोचे सिनेटर एडविन जॉन्सन ह्यांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये उभे राहून ही बाई म्हणजे दुष्टतेचा एक प्रबळ प्रभाव आहे अशा आशयाचे भाषण केले, आणि नटनट्यांना व चित्रपटांना नीतीच्या कसोटीवर परवाने द्यावेत असे विधेयकही मांडले. ‘स्ट्रॉम्बोली’वर अनेक ठिकाणी बंदी आली. मे महिन्यात तिचा रोस्सेलिनीशी मेक्सिकोत प्रतिनिधीमार्फत विवाह नोंदला गेला, परंतु त्याने कुणाचे समाधान झाले नाही. जवळजवळ आठ वर्षे तिने अमेरिकेत पाऊल ठेवले नाही.

हॉलिवूडमध्ये घटस्फोट काही नवा नव्हता. चार-चार लग्ने केलेल्या तारकांना लोक हसत-हसत खपवून घेत. हिच्यावरच इतका राग का? त्या रागात फसवणुकीची जळजळ होती. तिने वेष घेतला होता, त्याला लोकांनी व्रत मानले. आणि जे व्रत तिने कधी घेतलेच नव्हते, ते मोडल्याचा ठपका तिच्यावर आला.

हे सारे परदेशातले, म्हणून आपण सुटलो असे मला म्हणता येत नाही. आमच्या घरी माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा, १९५१ सालचा एक सामुदायिक फोटो ओटीच्या भिंतीवर असे. त्यात माझ्या आजीच्या मागे करवली म्हणून माझी धाकटी आत्या उभी होती. होती म्हणतो, कारण मला आठवते तेव्हापासून तिच्या चेहऱ्याच्या जागी एक चौकोनी भोक होते. पुढे ती फोर्टातल्या एका कचेरीत टंकलेखिका म्हणून कामाला लागली, आणि १९६३ साली तिने तेथल्याच एका हिंदू सहकाऱ्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आजोबांनी काच उघडून ब्लेडने तिचा चेहरा कापून काढला आणि फोटो पुन्हा भिंतीवर लावला. फोटो काढून ठेवता आला असता. पण मग ती शिक्षा कुणाला दिसली नसती. घाईत एक गोष्ट मात्र राहून गेली. आत्याने आजीच्या खांद्यावर ठेवलेला हात तसाच राहिला. मनगटात एक बांगडी असलेला, कोणाचाही नसलेला हात. आम्ही मुले त्या हाताविषयी विचारीत नसू. घरात तिचे नाव निघत नसे.

‘बेल्स ऑफ सेंट मेरीज’ पटांगणावर आला तो ह्या लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या नाताळात. दुसऱ्या दिवशी शाळेतले एक मास्तर ओटीवर येऊन बसले. ते इंग्रजी नियतकालिके वाचीत. त्यांनी हसत-हसत सांगितले, “काल तुम्ही जिच्यासाठी रडलात ना आजी, ती नटी नवऱ्याला आणि पोटच्या पोरीला सोडून दुसऱ्याबरोबर गेलेली आहे.” आजोबा म्हणाले, “ऐकलंस? आणि तू तिच्यासाठी नमो मरिया म्हणायला लावलीस!” आजी सूप पाखडीत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “म्हटलेली नमो मरिया परत कशी घ्यायची?” आणि पुन्हा पाखडू लागली. तिच्या मनात त्या वेळी कोण होते, हे कोणी विचारले नाही. १९८१ साली आजी गेली, तेव्हा दफनाच्या वेळी एक पांढऱ्या केसांची, साडी नेसलेली बाई दफनभूमीच्या फाटकाशी उभी होती. तिला आत बोलावण्यासाठी माझे वडील गेले.

इन्ग्रिडने केले ते योग्य केले, असे मी म्हणणार नाही. आपल्या मासिकांत हल्ली अशा विषयांवर लिहिताना एकतर दगड उचलले जातात, नाहीतर फुले; दोन्हींत मला घाई दिसते. मास्तरांनी ‘पोटच्या पोरीला सोडून’ म्हटले ते खोटे नव्हते. आई रोमला गेली तेव्हा पिया १० वर्षांची होती. १९५२ च्या जूनमध्ये, ती १३ वर्षांची असताना, तिला लॉस एंजेलिसच्या न्यायालयात उभे करण्यात आले आणि सुटीत इटलीला आईकडे जायचे आहे का, असे विचारण्यात आले. नको, असे तिने सांगितले. आईवर प्रेम आहे असेही म्हणवत नाही, असे सांगितले. ते शब्द दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आले. सिनेटरच्या भाषणाचे मला दुःख होत नाही. असली भाषणे येतात-जातात. पण त्या मुलीचे शब्द कुणी छापावयास नको होते, असे मात्र वाटते. ज्या समाजाला तिच्या आईच्या नीतीची इतकी काळजी होती, त्याने ह्या लेकराला झाकण्यासाठी एक पदरही पुढे केला नाही.

ह्या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९५६ च्या डिसेंबरात रोस्सेलिनी भारतावर चित्रपट करण्यासाठी येथे आला. ‘फिल्म्स डिव्हिजन’चे त्याला सहकार्य होते. १९५७ साली त्याच्याबरोबर दोन मुलांची आई असलेल्या एका बंगाली विवाहितेचे नाव जोडले गेले आणि मुंबईची वृत्तपत्रे त्या बातम्यांनी भरून गेली. अखेर ती त्याच्याबरोबर युरोपला गेली, आणि इन्ग्रिडचा संसार संपला. आता सहानुभूतीचे पारडे तिच्याकडे झुकले. ‘जसे पेरले तसे उगवले’ असे म्हणणारेही पुष्कळ होते, आणि आमच्या बाजूला तेच अधिक असावेत. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेने तिला परत घेतले होते. ‘अनास्तासिया’ चित्रपटासाठी तिला दुसरे ऑस्कर मिळाले. ती स्वतः हजर नव्हती, कॅरी ग्रांटने ते तिच्या वतीने स्वीकारले. त्या वर्षीच्या जानेवारीत ती न्यूयॉर्कला एका पारितोषिकासाठी उतरली, तेव्हा छायाचित्रकारांची रांग पुन्हा उभी होती. ह्या वेळी त्यांना हवी होती परतलेली लेक. तिने हसून हात हलविला आणि त्यांना हवे ते दिले.

१९ एप्रिल १९७२ रोजी इलिनॉयचे सिनेटर चार्ल्स पर्सी ह्यांनी बावीस वर्षांपूर्वीच्या त्या भाषणाबद्दल सिनेटमध्ये खेद व्यक्त केला आणि तिचा गौरव करून तो अधिकृत नोंदीत घातला. खऱ्या जोनला १४३१ साली जाळण्यात आले; १४५६ साली तो निकाल रद्द ठरला, आणि संतपद मिळायला १९२० साल उजाडावे लागले. त्या मानाने अमेरिकन सिनेटने काम लवकर उरकले.

पियाची आणि तिची गाठ १९५७ सालीच पॅरिसला पडली होती. तो सांधा जुळायला पुढे बरीच वर्षे लागली असणार; असल्या गोष्टींचे फोटो नसतात. आयुष्याच्या शेवटी कर्करोगाने तिचा एक हात सुजून निकामी झाला होता. त्या अवस्थेत तिने दूरचित्रवाणीसाठी इस्राएलच्या पंतप्रधान गोल्डा मायर ह्यांची भूमिका केली. २९ ऑगस्ट १९८२ रोजी, आपल्या ६७ व्या वाढदिवशीच, ती लंडनमध्ये निवर्तली. त्या भूमिकेबद्दल पुढच्याच महिन्यात जाहीर झालेले एमी पारितोषिक स्वीकारायला व्यासपीठावर गेली ती पिया.

तिच्या बाबतीत मला सर्वांत कुतूहलाची वाटणारी गोष्ट अशी की कॅमेऱ्याने जिचा इतका छळ केला, ती कॅमेऱ्यावर कधी रुसली नाही. तिचे वडील युस्टुस बर्गमन ह्यांचे स्टॉकहोममध्ये फोटोग्राफीचे दुकान होते. मुलीच्या पहिल्या वाढदिवशी त्यांनी तिचे चलच्चित्र घेतले, दुसऱ्या वाढदिवशी घेतले. तिसरे घेतले तेव्हा ती आपल्या आईच्या थडग्यावर फुले ठेवीत होती. वडीलही ती १३ वर्षांची असताना गेले. कॅमेऱ्याच्या पाठीमागे उभा असलेला माणूस आपल्यावर प्रेम करणारा असतो, ही समजूत तिला बालपणी मिळाली आणि ती तिने अखेरपर्यंत सोडली नसावी. तसे काही तिला भेटलेही. डेव्हिड सेमूर हा पोलंडमध्ये जन्मलेला छायाचित्रकार तिच्या कुटुंबाचा स्नेही होता. इटलीत, मुलांच्या गराड्यात, घरच्या कपड्यांत त्याने तिचे फोटो काढले. १९५६ च्या नोव्हेंबरात सुएझजवळ तो गोळ्यांना बळी पडला. त्यानेच काढलेला तिचा एक फोटो २०१५ साली, तिच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, कान चित्रपट महोत्सवाच्या भित्तिपत्रकावर होता.

तिने काहीही टाकून दिले नाही. रोजनिशा, पत्रे, कात्रणे, फोटो, स्तुती आणि शिव्याशाप, सारे तिने रोम, पॅरिस, लंडन असे घरामागून घर बदलताना बरोबर वागविले. आज तो संग्रह अमेरिकेतील कनेटिकट राज्यात वेस्लियन विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. तिने स्वतः १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने घेतलेली घरगुती चित्रेही पुष्कळ आहेत; स्टिग ब्यॉर्कमन ह्या स्वीडिश दिग्दर्शकाने २०१५ साली केलेल्या माहितीपटात त्यांतील बराच भाग पाहायला मिळतो. समुद्रकाठच्या घरी मुले पाण्यात उड्या मारतात, कुत्री त्यांच्यामागे धावतात, कुणीतरी हसत तोंड फिरविते. पुष्कळ ठिकाणी ती त्यात दिसत नाही, कारण कॅमेरा तिच्या हातात आहे.